सासूबाई गेल्या आणि इड्वाल पुढे बसला

नेस्टा पॅरीला बाला गावात नुसतं नेस्टा म्हणून कोणी ओळखत नाही. त्या डोंगराळ मुलखात आडनावं मोजकीच, पॅरी तर दर चार घरांआड एक. त्यामुळे माणसाच्या नावाला त्याचा धंदा चिकटतो आणि मरेपर्यंत सुटत नाही. ती ‘नेस्टा टँकर’. पहाटे निघायचं आणि शेताशेतांवर जाऊन दूध भरून आणायचं, हे तिचं काम. दोन दगडी गोठ्यांच्या मधून, दोन्ही अंगांना चार चार बोटं जागा उरलेली असताना, तो अवाढव्य टँकर ती उलटा नेते आणि दुधाच्या टाकीला असा अलगद भिडवते की शेतकरी हातातलं काम टाकून बघत राहतात.

तिचा नवरा इड्वाल, म्हणजे ‘इड्वाल पाव’. त्याची बेकरी होती. साठी उलटल्यावर त्याने ती बंद केली, पण नाव राहिलं. तरी गावाला तो जास्त ठाऊक होता तो बायकोच्या मोटरसायकलवर मागे बसणारा माणूस म्हणून. रविवार उजाडला, पाऊस नसला, किंवा असला तरी बेताचा असला, की नेस्टा शेडमधून आपली काळी गाडी बाहेर काढायची. बाराशे सीसीची, वजनाला तट्टासारखी, सुरू केली की शेजारच्या खिडकीतल्या बश्या वाजायच्या. इड्वाल पाठीला पिशवी लावायचा. पिशवीत थर्मास, चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव आणि घडी घालून घालून फाटायला आलेला नकाशा. डाव्या पायरीवर पाय ठेवून, नेस्टाच्या खांद्याला धरून तो वर चढायचा. ही रीत लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सुरू झाली, ती तीसएक वर्षं चालली. गाड्या बदलल्या, दर वेळी आधीच्यापेक्षा मोठी आली, पण पुढे कोण आणि मागे कोण हे बदललं नाही.

“इड्वाल, झगा सावरून बस हं, चाकात अडकेल!” दारूच्या गुत्त्यासमोरून जाताना कोणीतरी ओरडायचंच.

“मागे बसतो म्हणून तर टिकलोय,” इड्वाल म्हणायचा. “पुढे बसलो असतो तर ही मागून बोलत राहिली असती.”

काळ्या गाडीला त्याने नाव ठेवलं होतं, ‘सासूबाई’. भारी शरीर, तापट डोकं, आणि जरा दुर्लक्ष झालं की अंगावर येणार. नेस्टाची आई जिवंत होती तोवर हे नाव तो हळू आवाजात घ्यायचा. ती गेल्यावर उघड घ्यायला लागला आणि नेस्टालाही त्यात काही वाटेनासं झालं.

तो सप्टेंबरचा रविवार होता. त्यांच्या मोटरसायकलवाल्यांच्या टोळक्यातले सगळे जण बर्विन डोंगराच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीवर जमले होते. टपरीसमोरची जागा उतरती आणि तिच्यावर बारीक खडी पसरलेली. चहा झाला. नेस्टा गाडीवर बसली, दोन्ही पाय टेकले आणि रोजच्यासारखं म्हणाली, “चढ.” इड्वालची कंबर गेली दोन वर्षं आखडलेली. त्याला पाय वर टाकायला जरा वेळ लागला, आणि त्या वेळात त्याचं सगळं वजन डावीकडे आलं. नेस्टाचा डावा पाय खडीवरून सटकला. गाडी कलली. एखाद्याने सोडून दिली असती. नेस्टाने धरली. खांद्यात ओलं फडकं फाटावं तसा आवाज झाला, आणि सासूबाई अगदी सावकाश, सगळ्यांच्या देखत, आडव्या झाल्या.

इड्वाल घरंगळत खाजकुइलीत गेला. लोक हसले. हसणारच, गाडी पडल्यावर सगळेच हसतात, नेस्टाही हसायची. पण ती उठेना, तेव्हा हसू थांबलं. गाडी उचलायला चार बाप्ये लागले.

खांद्याचं ऑपरेशन झालं. हिवाळाभर नेस्टा घरी. टँकर दुसरा कोणी चालवत होता, आणि तो लोवरी नावाच्या शेतकरणीच्या गोठ्याचा कोपरा घासून गेला हे कळल्यावर तिला वाईटही वाटलं आणि थोडं बरंही. व्यायाम शिकवायला येणारी बाई स्पष्ट बोलणारी होती. “टँकर चालवाल. त्याचं चाक एका बोटाने फिरतं. पण ती मोटरसायकल पुन्हा अशी कलली आणि तुम्ही धरायला गेलात, तर हा खांदा पुन्हा जोडता येणार नाही.”

“मग कलू देणार नाही,” नेस्टा म्हणाली.

त्या संध्याकाळी इड्वालने भांडी घासता घासता, पाठमोरंच, सांगून टाकलं, “मी आता तुझ्या मागे बसणार नाही.”

“का? भरवसा उडाला माझ्यावरचा?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

इड्वालला बोलता येत होतं, पण हसवण्यापुरतं. ही असली गोष्ट त्याच्या तोंडून निघत नसे. तो बशी पुसत राहिला. नेस्टाने जे समजायचं ते समजून घेतलं, आणि त्या घरात पुढचे कित्येक आठवडे फक्त चहा हवा का, दार लावलं का, एवढंच बोलणं झालं.

एप्रिलमध्ये ती एकटीच निघाली. हिर्नांतच्या दरीतला रस्ता तिला पाठ होता. एका गाडीपुरता रुंद, मधोमध गवत, दोन्हीकडे दगडी गडगे. उतारावर एका वळणाला समोरून लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक आला. मागे सरायला हवं होतं तिलाच. रुंद जागा तिच्या मागे, वर, वीसएक पावलांवर. नेस्टाने पाय रोवले आणि गाडी मागे ढकलायला घेतली. गाडी तसूभर हलली नाही. पुन्हा जोर लावला तेव्हा खांद्यात कळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ट्रकवाला खाली उतरला. चाळिशीचा, भला माणूस. “काकू, राहू द्या. मी घेतो.”

त्या ‘काकू’ने जे झालं ते खांद्याच्या कळेनेही झालं नव्हतं. ती उतरली. हातात हेल्मेट धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि एका परक्या माणसाने तिची गाडी घाम गाळत चढावर नेताना बघत राहिली. सव्वीस टनांचा टँकर उलटा नेणारी बाई! त्याने गाडी नीट स्टँडवर लावली, वर म्हणालाही, “झकास गाडी आहे.” टोमणा नव्हता तो, आणि म्हणूनच तिला रडू आलं. ट्रक जाईपर्यंत तिने हेल्मेट घालून ते आत लपवलं.

घरी आल्यावर तिने इड्वालला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. कितीतरी दिवसांनी एवढं लांब वाक्य घरात बोललं गेलं. इड्वालने ऐकलं, आणि मग त्याच्याही तोंडून निघालं. “त्या दिवशी वजन माझं होतं, नेस्टा. गाडी पडत होती हे मला तुझ्या आधी कळलं. आणि मी काहीसुद्धा करू शकलो नाही. मागे बसलेल्याला काहीच करता येत नाही. पुन्हा तुझ्या अंगावर ओझं होऊन नाही बसायचं मला.”

नेस्टाने हेल्मेट टेबलावर आपटलं. “हे तेव्हाच सांगायला काय धाड भरली होती?”

“तेव्हा भांडी घासत होतो.”

महिन्याभरात सासूबाई गेल्या. श्रूसबरीहून एक उंच, दणकट बाई आली, गाडीवर बसली, आणि नेस्टाला लगेच कळलं की हिला जमेल. गाडी गल्लीच्या टोकाशी वळली, आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. इड्वाल दारात उभा होता, हाताला पीठ लागलेलं. त्याने टोपी काढली.

“गेल्या बिचाऱ्या,” तो म्हणाला. “जाताना एका शब्दाने बोलल्या नाहीत.”

नेस्टा आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम.

तिने घेतली ती गाडी एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंची होती. सव्वाशे सीसी, लाल, बसायला ठेंगणी, नव्यासारखी. ‘खांदा भरून येईपर्यंत’ म्हणून घेतली, असं नेस्टा सगळ्यांना सांगत होती. पहिल्या रविवारी ती टोळक्यात गेली तेव्हा गेथिन टपरीच्या दाराशीच उभा होता. गेथिन म्हणजे टोळक्याचा म्होरक्या. मिशा मोठ्या, गाडी त्याहून मोठी.

“अगं नेस्टा, हिला पेट्रोल घालतेस का दूध पाजतेस?”

“दूध. टँकरभर आहे माझ्याकडे.”

“आणि इड्वालला कुठे ठेवलंस? डब्यात?”

सगळे हसले. नेस्टाही हसली. पण परतताना चढावर एका ट्रॅक्टरने तिला मागे टाकलं, आणि ट्रॅक्टरवाल्याने वर हात केला, तेव्हा ती हेल्मेटच्या आत सणसणीत शिव्या देत होती.

टोळक्यात जायचं तिने आपोआप सोडलं. ते ज्या वेगाने जात, त्या वेगाला लाल गाडी किंचाळायची. मग ती एकटीच फिरू लागली, आणि तेव्हा हळूहळू तिच्या एक गोष्ट लक्षात आली. तिला आता थांबता येत होतं. सासूबाईंना थांबवायचं म्हणजे सपाट जागा बघा, खडी बघा, वळवायला मैदान बघा. एवढा खटाटोप असल्यामुळे ती कितीतरी वाटांच्या तोंडावरून तशीच पुढे गेली होती. लाल गाडी ती एका हाताने वळवायची. जंगलातल्या वाटेने जाऊन बघायची, वाट संपली तर परत फिरायची. फाटक उघडून आत जायची. एकदा पडकं प्रार्थनाघर सापडलं, आत मेंढ्या राहत होत्या. एकदा ओढ्याकाठी पाणमांजर दिसलं. एवढ्या वर्षांत तिला या डोंगरातली वळणं तेवढी ठाऊक होती. डोंगर आता दिसत होता.

घरी आली की ती सांगायची आणि इड्वाल ऐकायचा. नकाशा टेबलावर पसरून, चष्मा नाकावर घेऊन. “म्हणजे ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?” “फाटक लाकडी का लोखंडी?” त्याचे प्रश्न संपायचे नाहीत. सांगून झालं की तो नकाशाची घडी घालायचा, फार जपून, आणि बोटाने तिची कड दाबत राहायचा. नेस्टाच्या तोंडातला घास फिरायचा.

“मागे बस ना रे. दोघं जाऊ.”

“दोघं? त्या कोकराच्या पाठीवर? पोलिसांआधी प्राण्यांचा डॉक्टर पकडेल आपल्याला.”

जूनमध्ये एकदा ती टँकरवरून दुपारी लवकर घरी आली. शेडचं दार उघडं होतं. आत इड्वाल लाल गाडीवर बसला होता. घरातल्या सपाता घालून, दोन्ही हात हँडलवर, तोंडाने कसलाही आवाज न काढता. तिला पाहून दचकला, पण उतरला नाही.

“पाय टेकतात,” तो म्हणाला. “दोन्ही. पूर्ण.”

नेस्टा दाराच्या चौकटीला टेकली. लग्नापासून तिने त्याला कधी विचारलंच नव्हतं, तुला चालवायची आहे का. त्यानेही कधी म्हटलं नव्हतं. एवढ्या उंच, एवढ्या जड गाड्या. त्या तिच्या होत्या, हे दोघांनीही गृहीत धरलेलं.

“शिकशील?”

“चौसष्टाव्या वर्षी? लोक काय म्हणतील?”

“लोक झग्याबद्दल बोलायचे तेव्हा कुठे मनाला लावून घेतलंस?”

शिकवणी डोल्गेथ्लायला, गुरांच्या बाजाराच्या मोकळ्या आवारात होती. एक दिवसाची. तेवढी पार पडली की सव्वाशेची गाडी रस्त्यावर काढता येते, मागेपुढे शिकाऊ असल्याचं लाल अक्षर लावून. शिकवणारी नॉन, त्याच्या निम्म्या वयाची, आवाज मेंढ्यांच्या कुत्र्यांना हाकारणाऱ्यांसारखा. इड्वालने नेस्टाला आधीच बजावलं होतं, “तू मोटारीतच बसायचं. तोंड उघडायचं नाही. तोंड बंद ठेवून हातवारेसुद्धा करायचे नाहीत.” नेस्टा मोटारीत बसली, पाठ त्या बाजूला करून, आणि आरशात सगळं बघितलं.

सरळ तो छान गेला. थांबला छान. पण आठचा आकडा काढायला सांगितलं की प्रत्येक वळणावर अडखळायचा, पाय टाकायचा. दोनदा गाडी पडली. संध्याकाळी नॉन त्याच्याजवळ आली आणि कुत्र्यांना हाकारायचा आवाज बाजूला ठेवून म्हणाली, “इड्वालकाका, आज सही करत नाही मी. रस्त्यावर सोडलं तर मला झोप लागणार नाही. पुन्हा या.”

घरी येताना मोटारीत तो म्हणाला, “झालं. हौस फिटली.”

दुसऱ्या दिवशी दूध भरताना नेस्टाने लोवरीला विचारलं. लोवरी साठ गायींची मालकीण, विधवा, कामाला वाघ. तिच्या गोठ्यामागे सपाट, सिमेंटचं मोठं अंगण होतं. “घे की,” लोवरी म्हणाली. “फक्त संध्याकाळी गायी आत गेल्यावर. त्या हसतील नाहीतर.”

पहिल्या संध्याकाळी नेस्टा अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडत राहिली. हात सैल सोड! पुढे बघ! इड्वाल घामाघूम झाला, वळण काही जमेना. शेवटी तिने हेल्मेट घातलं. “सरक पुढे. मी मागे बसते.”

“कुठे बसतेस?”

“मागे. शिकाऊने मागे कोणाला घ्यायचं नाही ते रस्त्यावर, हे लोवरीचं अंगण आहे. कोणी पकडत नाही.”

ती त्याच्या मागे चढली आणि गाडी सुरू झाली. तिला काहीच दिसेना. समोर इड्वालच्या हेल्मेटची पांढरी पाठ, तिच्यावर एक ओरखडा, आणि बस्स. कुठे चाललोय ते नाही, पुढे काय येतंय ते नाही.

“इड्वाल! तीस वर्षं तू हेच बघत होतास?”

“डावीकडे मान वळवली की मेंढ्या दिसायच्या,” तो पुढून ओरडला.

तिला हसू आलं. मग वळण आलं. तिच्या पोटाला, मांड्यांना, त्याच्या पाठीला टेकलेल्या हातांना एकदम कळलं की तो काय करतो आहे. तो थांबत होता. वळणाशी आला की त्याचं अंग क्षणभर वाट बघायचं. समोरचं माणूस कलेल, मग आपण कलायचं. इतकी वर्षं त्याने तेच तर केलं होतं, आणि इतकं चांगलं केलं होतं की मागे कोणी बसलं आहे हे तिला वळणावर कधी जाणवलंच नाही. आता समोर कोणी नव्हतं.

“अरे, तू माझी वाट बघतोयस!” ती म्हणाली.

“काय?”

“वळताना. मी आधी कलेन म्हणून थांबतोयस. मी नाहीये तिथे. तू आहेस. मला घेऊन कल तू!”

पुढच्या वळणाला ती मागे अगदी पोत्यासारखी बसली, आणि त्याने गाडी कलवली. जरा जास्तच. पण वळली. दुसरीकडे वळली. पुन्हा वळली. गोठ्यातून लोवरी बादली घेऊन बाहेर आली आणि तिथेच थबकली, कारण साठीतली दोन माणसं तिच्या अंगणात आठचे आकडे काढत लहान पोरांसारखी आरडाओरड करत होती आणि आतल्या गायी हंबरत होत्या.

नॉनने दुसऱ्या खेपेला सही केली.

त्यानंतर घरात वेगळंच भांडण सुरू झालं. गाडी एक, माणसं दोन. “आज माझी पाळी.” “गेल्या रविवारी तूच गेलीस.” “पाऊस होता तेव्हा, तो धरायचा नाही.” तीन आठवड्यांनी नेस्टानेच तशीच एक निळी गाडी शोधून आणली. खांदा भरून येईपर्यंत, हे वाक्य यावेळी तिने कोणाला सांगितलं नाही.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दोघं बुल्ख-अ-ग्रोएसच्या खिंडीकडे निघाली. त्या भागातला सगळ्यात उंच रस्ता तो. इड्वाल पुढे, लाल गाडीवर, मागे लाल अक्षर फडफडतंय. वेग असा की फुलपाखरं ओलांडून जावीत. चढ खडा झाला तशी गाडी घरघरली, आणि ऐन चढावर, एका वळणाच्या तोंडाशी, बंद पडली. मागून एक मोटार आली. तिच्या मागे दुसरी.

नेस्टाचे पाय आपसूक जमिनीवर आले. धावत जावं, गाडी धरावी, निदान ओरडून सांगावं, गिअर उतरव. तिने दोन्ही हात हँडलवर घट्ट दाबून धरले. इड्वालने मान खाली घातली, ब्रेक दाबून धरला, गाडी सुरू केली. बंद पडली. पुन्हा सुरू केली. मोटारवाल्याने भोंगा वाजवला. इड्वालने सावकाश मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि हात वर करून, बेकरीच्या गल्ल्यावरून गिऱ्हाइकाला म्हणायचा तशा सुरात म्हणाला, “देतो हं, एक मिनिट.” तिसऱ्यांदा गाडी उचलली गेली, थरथरत वर चढली, आणि माथ्यावरून पलीकडे दिसेनाशी झाली. नेस्टाने दोन्ही मोटारी पुढे जाऊ दिल्या आणि मग निघाली.

ती खाली दिनास मौद्वी गावातल्या टपरीवर पोहोचेपर्यंत तो अंडं घातलेले दोन पाव खाऊन तिसरा मागवत होता. कपातला चहा बशीत सांडत होता, आणि तो अखंड बोलत होता. खिंडीतून खालची दरी कशी दिसते, ढगाची सावली डोंगरावरून कशी चालत जाते, एक ससाणा त्याच्या बरोबरीने कसा उडत होता. नेस्टा त्या खिंडीतून शंभर वेळा तरी गेली असेल. ती एखाद्या नव्या मुलखाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत राहिली.

गेथिनची चेष्टा अजून थांबलेली नाही. “आली बघा कोकरं,” तो म्हणतो. पण टोळकं आता महिन्यातून एकदा यांच्या वेगाने जातं, कारण टोळक्यातल्या आणखी दोघा जणांचे गुडघे बोलायला लागले आहेत. इड्वालने पुढची मोठी परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाला, फार हळू चालवतो म्हणून. दुसऱ्यांदा पास झाला, तेव्हा लोवरीने साय घातलेला केक पाठवला. नेस्टाचा खांदा थंडीत दुखतो, आणि दुखणारच आहे. पुढच्या वर्षी ती टँकर सोडणार आहे. मग होलीहेडहून बोटीने आयर्लंडला जायचं ठरतं आहे, दोघांनी, दोन गाड्यांवर.

“पुढे मी राहीन,” परवा जेवताना इड्वाल म्हणाला.

“तू पुढे राहिलास तर बोट सुटेल.”

“मग दुसरी बोट असते की नाही?”

“आणि मी मागून काय करू तोवर?”

इड्वालने तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. “बोल,” तो म्हणाला. “ऐकू येत नाही मला तिथून.”